दमलेल्या माणसाची दया

मॉरिसव्हिल,
९ ऑक्टोबर २००५

ती. सुहासिनी मावशी,

सलाम. राजीवदादा म्हणाला, आईला आता फोनवर मुळीच ऐकू येत नाही, कानातलं मशीन नुसती शिट्टी मारतं, तेव्हा तिला लिहीतच जा. म्हणून लिहायला बसले. ईमेल केली असती, पण ती राजीवदादाच वाचून दाखवणार, आणि हे त्याच्यासमोर उघडायचं माझ्याच्याने होणार नाही.

मोहन गेला तेव्हा तू फ्रीमाँटहून इथे आली होतीस. त्यानंतर आपण नीट बोललोच नाही. सासूबाई तेव्हापासून माझ्याकडेच आहेत. मला वाटलं होतं, मोठा मुलगा गेल्यावर त्या धाकट्याकडे, संजय भाऊजींकडे बेलव्ह्यूला जातील. पण तेव्हा भाऊजींचं अपार्टमेंट लहान होतं, मग राधिकाला बाळ होणार होतं, मग त्यांची नोकरी बदलली. आणि आता ऑगस्टमध्ये सासूबाईंना स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. एकच शब्द उरलाय. ‘नको.’

मावशी, लग्न झाल्यापासून मी त्यांच्या तोंडून हाच शब्द ऐकत आले आहे. पुण्याच्या घरात पहिल्या दिवशी त्यांच्यासाठी चहा केला. ‘नको.’ पोळ्या लाटायला बसले. ‘नको, मी करते.’ इथे आल्यावरही त्यांचा छोटा कुकर वेगळा, ताट वेगळं, पाण्याचा तांब्या वेगळा. कारण त्यांनी कधी तोंडाने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. आपल्या आजोबांना नेवाशाकडच्या गावात विहिरीवर येऊ देत नव्हते, तेच कारण. आपण ख्रिस्ती झालो, शिकलो, मी अमेरिकेतल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते, तरी त्यांच्या मांडणीवर ते कारण बसलेलंच. मोहन म्हणायचा, “जाऊ दे ग, जुनं माणूस आहे.” मी जाऊ दिलं. मोहनसाठी जाऊ दिलं.

आता मोहन नाही आणि त्यांना भरवणारी मी आहे. पातळ खिचडीचा घास पुढे केला की ‘नको’. तोंड पुसलं की ‘नको’. कपडे बदलताना ‘नको नको नको’ आणि तोंड भिंतीकडे. मी कामावर असते तेव्हा ग्लोरिया नावाची बाई येते, तिची काही तक्रार नसते. म्हणजे हे माझ्यासाठीच राखून ठेवलेलं आहे.

ऑगस्टपासून मी चर्चला गेलेले नाही. घरी प्रार्थनेला डोळे मिटले की एकच मागणं येतं, भाऊजींनी त्यांना घेऊन जावं. मी काम सगळं करते, काही चुकवत नाही. पण आत कोरडं आहे. ख्रिस्ती माणसाला दया येईनाशी झाली तर त्याने काय करावं? तू चर्चच्या पाळकांच्या घरात आयुष्य काढलंस, तुला विचारते.

तुझी,
वीणा

*

फ्रीमाँट,
२२ ऑक्टोबर २००५

चि. वीणा,

प्रभूच्या नावात तुला व आरोहीला सलाम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, पण आनंदही वाटला. देव त्याच्या आवडत्या लेकरांनाच कठीण वर्गात बसवतो. प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, हे तू संडेस्कूलमध्ये माझ्याच समोर पाठ म्हणून दाखवलं होतंस. तुला तर सेवेची संधी घर शोधत आली आहे. किती जणींना असं भाग्य मिळतं?

तुझे काका नेहमी म्हणत, जो आपल्याला दुखावतो त्याच्यासाठी गुडघे टेकावे म्हणजे मन आपोआप मऊ होतं. तू रोज सकाळी उठल्याबरोबर सासूबाईंचं, वसुधाबाईंचं नाव घेऊन प्रार्थना कर. चेहरा प्रसन्न ठेव. आजारी माणसाला आपला चेहरा आधी दिसतो. आणि उपासना चुकवू नकोस.

आमचं इथे छान चाललंय. राजीव आणि निधी कामावर असतात, ओजस कॉलेजात गेलाय. घर मोठं, बाहेर गुलाब आहेत. निधी माझं सगळं वेळेवर करते. मला काही कमी नाही.

तुझी,
सुहासिनी मावशी

*

मॉरिसव्हिल,
३ नोव्हेंबर २००५

मावशी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग कपाटात टाकून दिलं.

भाग्य म्हणालीस. परवा संध्याकाळी मी लॅबमधून आले, ग्लोरिया गेली, खिचडी गरम केली. सासूबाईंनी डाव्या हाताने वाटी उडवली. कार्पेटवर, पडद्यावर, माझ्या हॉस्पिटलच्या स्क्रब्जवर खिचडी. आरोही दारात उभी होती. म्हणाली, “मॉम, आय कान्ट लिव्ह लाइक धिस,” आणि मैत्रिणीकडे निघून गेली. पंधरा वर्षांची आहे. आधी बाप गेला, आता घरात हे. मी कार्पेट पुसत होते आणि वरून ‘नको नको’ चाललेलं. मी ओरडले, “मग कोण हवंय तुम्हाला? मोहन? तो मेलाय!” असं म्हणाले मी. एका आईला.

तू लिहितेस, चेहरा प्रसन्न ठेव.

पाय धुतले हे खरं, मावशी. पण एकदाच ना? दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा धुवायचे नव्हते. आणि शिष्यांनी पाय झटकून पाणी अंगावर उडवलं नव्हतं.

मला प्रवचन नको होतं. काय हवं होतं ते मलाही सांगता येत नाही. रागावू नकोस. किंवा रागाव. मी फार दमले आहे.

वीणा

*

फ्रीमाँट,
१७ फेब्रुवारी २००६

प्रिय वीणा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी रागावले होते. पाळकांच्या बायकोला असं कोणी लिहितं का, म्हणून उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं. नाताळलाही कार्ड पाठवलं नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

पण उशीर होण्याचं ते एकच कारण नाही. डिसेंबरात मी बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही. कंबर अशी धरली की उठता येईना. घरात कोणी नव्हतं. मी तिथेच पडून राहिले, आणि स्वतःला आवरता आलं नाही. समजून घे.

निधी घरी आली. दिवसभर ऑफिस, वर फ्रीवेवर अडकलेली. तिने मला उचललं, टबमधल्या स्टुलावर बसवलं आणि माझे कपडे काढून मला आंघोळ घातली. माझ्या आईनंतर मला कोणी तसं पाहिलं नव्हतं. निधीच्या चेहऱ्यावर प्रेमबीम काही नव्हतं, वीणा. दमणूक होती. केस कपाळाला चिकटलेले. तरी पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघून मग माझ्या अंगावर घालत होती.

आणि मला काय वाटलं असेल? उपकार? मला तिचा भयंकर राग आला. मी तोंड फिरवलं आणि टाइल्सकडे बघत बसले. तिने काही विचारलं, ते ऐकू आलं नाही, मी तिचा हात झटकला. ती रडली असेल तर मला कळलं नाही, पाणी चालू होतं.

त्यानंतरही ती रोज मला आंघोळ घालत होती आणि मी रोज तोंड फिरवत होते. मग एकदा मला तुझ्या सासूबाई आठवल्या.

मागच्या पत्रात ‘मला काही कमी नाही’ असं लिहिलं होतं. मी या घरात कोणाशी बोलत नाही. ऐकू येत नाही म्हणून ते बोलत नाहीत, आणि ते बोलत नाहीत म्हणून मी खोलीतून बाहेर येत नाही. अशा खोलीत बसून मी तुला चेहरा प्रसन्न ठेवायला सांगत होते.

तुझे काका कृपेवर फार सुंदर बोलत. मी पहिल्या बाकावर बसून मान डोलवायची. कृपा म्हणजे न कमावता मिळालेलं. ऐकायला किती गोड वाटतं! ती खरंच अंगावर पडायला लागली की बोचते. आपल्या हातात द्यायला काही नाही हे समोरच्याला दिसतं, त्याची लाज वाटते, आणि ती लाज बाहेरून अगदी रागासारखी दिसते.

वसुधाबाई तोंड फिरवतात ते तुझ्या जन्मामुळे असेल. मी त्यांची वकिली करत नाही. त्यांनी जे केलं ते पाप होतं, आणि ते तू सोसलंस. पण आता कदाचित त्या माझ्यासारख्याही असतील. मला माहीत नाही. तू बघ.

आणि दया येत नसेल तर ओढून आणू नकोस. माझ्या निधीलाही येत नव्हती बहुतेक, तरी पाणी ती मनगटावर बघत होती. तिथे देव होता असं मला आता वाटतं. तू एवढंच माग, आजच्यापुरतं दे. उद्याचं उद्या.

तुझी,
मावशी

*

मॉरिसव्हिल,
१२ मार्च २००६

लाडक्या मावशी,

तू पडलीस आणि कोणी मला कळवलंही नाही. राजीवदादाला फोन करून भांडले. कंबर आता कशी आहे ते खरं लिही. ‘छान’ असं लिहू नकोस.

तुझं पत्र मी गाडीत बसून वाचलं, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, आणि कामावर उशिरा गेले.

इथे एक गोष्ट घडली. सासूबाईंना बोलायला शिकवायला एक थेरपिस्ट येते. तिला मी सांगितलं की या मला सतत नकार देतात. तिने विचारलं, “नको म्हणजे काय?” मी अर्थ सांगितला. तेवढ्यात ग्लोरिया आतून म्हणाली, “ओह! आय थॉट इट वॉज थँक यू.” ती इतके महिने समजत होती की म्हातारी प्रत्येक घासाला आभार मानते! मग थेरपिस्टने मला बसवून समजावलं. अशा झटक्यानंतर काही जणांकडे एकच शब्द उरतो. तहान लागली तरी तो, दुखलं तरी तो, बरं वाटलं तरी तोच. मनात दुसरं असतं, तोंडातून तेवढंच निघतं. ती म्हणाली, “शब्द ऐकू नका, चेहरा बघा.”

मी म्हटलं, चेहरा तर भिंतीकडे असतो. ती म्हणाली, “मग तुम्ही भिंतीच्या बाजूला बसा.”

पलंग ओढला, भिंतीच्या बाजूला खुर्ची ठेवली. दुसऱ्या दिवशी कपडे बदलून झाल्यावर त्यांनी तोंड फिरवलं तर समोर मी. मावशी, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नुसतं वाहत होतं, उशी ओली. किती दिवस असंच चाललं होतं देव जाणे. मी पलीकडून हात धुवून निघून जात होते.

मला एकदम प्रेम वगैरे आलं नाही. जे झालं ते झालंच, तांब्याही माझ्या लक्षात आहे. पण त्या क्षणी ती बाई मला पहिल्यांदा सासू वाटली नाही. पलंगावरची एक म्हातारी, जिचा मुलगा मेला आणि जिला ते बोलून रडताही येत नाही. मोहन मेलाय असं मी त्यांच्यावर ओरडले होते. मी त्यांचा हात धरून सॉरी म्हटलं. त्या ‘नको’ म्हणाल्या. काय म्हणायचं होतं, मला कळलं नाही.

आता आम्ही हात दाबायचं ठरवलंय. मी विचारते, ‘हो’ असेल तर त्या डाव्या हाताने माझा हात दाबतात. वाटी आधी त्यांच्या हातात देते, मग भरवते. उडवत नाहीत.

आणि आता जे विचारायचंय त्यासाठी खरं हे पत्र. त्या कायम क्लॉझेटकडे बघत. साडी हवी? नाही. शाल? नाही. काल ब्लँकेट काढायला दार उघडलं तर वरच्या फळीवर रेशमी कापडात बांधलेला डबा दिसला. त्यांचे देव. स्ट्रोकनंतर हॉस्पिटल बेड आणताना राधिकाने बांधून ठेवले होते, ते तसेच राहिले. मी डबा खाली घेतल्याबरोबर त्यांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

एवढ्या वर्षांत त्यांनी मला त्या देवांना हात लावू दिला नाही, आणि मलाही लावायचा नव्हता. आजोबांनी ते सगळं सोडलं, त्यासाठी मार खाल्ला, गाव सोडलं. चर्चमध्ये मंडळीपुढे उभं राहून मी मूर्तिपूजा न करण्याचं वचन दिलंय. आणि आता ही बाई एका हाताने पूजा करू शकत नाही, मदतीला घरात फक्त मी. डबा त्यांच्या उशाशी ठेवलाय, उघडला नाही. काय करू? तू सांगशील ते करीन.

वीणा

*

फ्रीमाँट,
२६ मार्च २००६

प्रिय वीणा,

कंबर दुखते. वॉकर घेऊन चालते. हे खरं आहे.

तुझं पत्र आल्यापासून मी अस्वस्थ आहे. पहिल्यांदा सरळ लिहिलं होतं, ‘हे करू नकोस.’ ते पाकीट बंदही केलं होतं. मग फाडलं.

आजोबांची मी सगळ्यात लहान मुलगी. त्यांच्या पाठीवरचे वळ मी पाहिलेत. त्यामुळे मी तुला ‘हो, पूजा कर’ असं लिहू शकत नाही. माझा हातच चालत नाही. आणि ‘नाही’ म्हणावं तर डोळ्यांसमोर ती बाई येते, डब्याकडे बघणारी. मला इथे राजीवने चर्चला न्यायचं बंद केलं तर? माझं शास्त्र, माझं बायबल उचलून वर फळीवर ठेवलं आणि मला उतरवता आलं नाही तर? गेल्या महिन्यात वॉकरमुळे मी उपासनेला गेले नाही तर जीव कासावीस झाला.

मी प्रार्थना केली. कुठून आवाज वगैरे आला नाही, येत असता तरी मला ऐकू आला नसता. पण एक गोष्ट मनात राहिली ती लिहिते. पूजा त्यांची आहे. ती त्यांच्या मनात चालू आहे, तुझी त्यात गरज नाही. चालत नाही तो फक्त हात. तर तू त्यांचा हात उचलून धर. तुझी श्रद्धा तुझ्यापाशी राहू दे, त्यांची त्यांच्यापाशी. आजोबांचा देव दुसऱ्याच्या लुळ्या हाताला आधार दिल्याबद्दल रागावेल असं मला वाटत नाही. मी चुकत असेन तर देवापुढे तुझ्या शेजारी उभी राहीन आणि सांगीन की मी सांगितलं होतं.

हे मला सोपं गेलेलं नाही, एवढं लक्षात असू दे.

मावशी

*

मॉरिसव्हिल,
२ जुलै २००६

लाडक्या मावशी,

इतके दिवस लिहिलं नाही. बरंच काही झालं.

तू सांगितलंस तसं केलं. खिडकीजवळ स्टूल ठेवलं. कापड त्यांच्या डाव्या हाताने सोडवून घेतलं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, एक टाक. रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी त्यांचा उजवा हात कोपराखाली धरून उचलायची, त्या डाव्या हाताने उजव्या तळव्यात फूल ठेवून ते वाहायच्या. मी त्या वेळी मनात माझी प्रार्थना म्हणायची. एका खोलीत दोघी, दोन दिशांना. पहिल्या दिवशी त्या किती रडल्या! माझ्याकडे बघितलं नाही, कृष्णाकडेच बघत होत्या. आणि मला त्यांनी माझ्याकडे बघावं असं वाटलंही नाही. घरी येताना पाय जड व्हायचे ते कमी झाले. दमायचे तेवढीच, पण राग धरून दमणं वेगळं, हे कळलं. आरोहीसुद्धा त्यांच्या खोलीत अभ्यासाला बसायला लागली.

ईस्टरला मी चर्चला गेले. ग्लोरिया स्वतः सुट्टी सोडून आली, म्हणाली, “गो, हनी. सिंग फॉर मी टू.”

मग मे महिन्यात संजय भाऊजी आले. “वहिनी, तुम्ही खूप केलंत. आता आमचं घर मोठं आहे, खाली बेडरूम आहे, राधिका घरून काम करते. आईला घेऊन जातो.” गेल्या वर्षीची माझी प्रार्थना ऐकली गेली होती. मला ती नको झाली होती तेव्हा.

मी म्हटलं, “त्यांना विचारू या.” भाऊजी म्हणाले, “तिला काय कळणार?” मी पलंगाशी बसले, हात हातात घेतला. “आई, इथे माझ्याकडे राहायचं?” हात गप्प. मला वाटलं ऐकू आलं नसेल, पुन्हा विचारलं. गप्प. मग विचारलं, “संजयकडे जायचं?”

त्यांनी हात दाबला. घट्ट.

मावशी, तुझ्यापासून लपवत नाही, मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला खात्री होती त्या राहतो म्हणतील. म्हणजे दया आली, दया आली असं तुला लिहीत होते, आणि आत कुठेतरी मी बदल्यात काहीतरी मागतच होते. एकदा तरी मला निवडावं. त्यांनी मुलाला निवडलं. आई आहे, उरलेला मुलगा आहे तो. मी काय वेगळं केलं असतं?

डोळे धुतले आणि बॅग भरायला घेतली. भाऊजींना शिकवलं, ठसका लागू नये म्हणून पाणी घट्ट कसं करायचं, कोणत्या कुशीवर निजवायचं, सकाळी हात कुठे धरायचा. ते आईच्या अंगाला हात लावताना बिचकत होते. त्यांचीही दया आली मला. विमानतळावर व्हीलचेअर ढकलणारा माणूस आला आणि त्यांना घेऊन गेला. त्या पुढे बघत होत्या.

घरी आले आणि दुसऱ्या दुपारपर्यंत झोपले. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिटले तर मी काही न ठरवता त्यांचं नाव आलं. कोणती मागणी नव्हती. नुसतं नाव.

काल भाऊजींचा फोन. “वहिनी, ती जेवत नाहीये. राधिकाने वाटी पुढे केली की उडवते. नको नको म्हणते, राधिका रडायला लागलीय. डॉक्टर म्हणतात नळी घालावी लागेल. काय करू?”

खरं सांगते, पहिल्यांदा चिडले. जेमतेम झोपायला लागले होते. आरोहीला घेऊन चार दिवस समुद्रावर जायचं ठरवलं होतं. फोनवरच मी सांगितलं, वाटी आधी हातात द्या, भिंतीच्या बाजूला बसा. भाऊजी म्हणाले, “हो हो,” पण त्यांच्या आवाजावरून कळलं की त्यांना जमणार नाही. ते घाबरलेत. फोन ठेवला, किचनमध्ये उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “देवा, मी दमले आहे.” आणि त्याच वेळी लक्षात आलं की मी मनातल्या मनात कामावर रजा मागायला सुरुवात केली होती. मी ठरवलं नव्हतं. माझा राग अजून घरात फिरत होता आणि दया माझ्या आधी दारात जाऊन उभी होती. ती माझी नाही, मावशी. माझ्यात एवढं नाही, मी ओळखते ना स्वतःला.

आरोहीला सांगितलं तर ती म्हणाली, “ओके. बट आय अ‍ॅम कमिंग टू.” शुक्रवारी दोघी बेलव्ह्यूला निघतोय. थोडे दिवस राहून राधिकाला शिकवीन. मग परत येईन. बहुतेक.

तुझी,
वीणा

*

फ्रीमाँट,
१० जुलै २००६

प्रिय वीणा,

हे पत्र संजयरावांच्या पत्त्यावर पाठवते आहे. पत्ता राजीवकडून घेतला.

वसुधाबाई जेवल्या का ते कळव. नाही जेवल्या तरी कळव.

राधिकाला रागावू नकोस. ती गेल्या वर्षीच्या तुझ्या जागी उभी आहे, आणि तिला कोणी प्रवचनही पाठवू नये.

त्यांनी तुला निवडलं नाही, त्याचं मलाही वाईट वाटलं. ते मी गोड करून लिहिणार नाही. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले तेव्हा आभार मानायला परत एकच आला. बाकीच्यांची बरी झालेली कातडी त्याने परत मागितली नाही.

काल निधी आंघोळ घालत होती तेव्हा मी भिंतीकडे न बघता तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालंय. मी म्हटलं, “निधी, आज राहू दे आंघोळ, तू जरा पड.” तिने माझ्या कानाशी येऊन मोठ्याने विचारलं, “आई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?” मी म्हटलं, “मला बरं आहे, तू दमलीस.” ती ओल्या फरशीवर बसली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. काय बोलत होती ते ऐकू आलं नाही. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मग तिने मला आंघोळ घातलीच.

तुला तिथे सगळे सकाळपासून हाका मारतील. दुपारी दार लावून तासभर झोपत जा. प्रार्थनेला बसलीस आणि झोप लागली तरी चालेल. देवाला दमलेली माणसं नवीन नाहीत.

तुझी,
मावशी